सासूच्या पलीकडचा भुंगेरा

४ फेब्रुवारी

डोळेच नाहीत!

भिंग पुसलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. डोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीत गाल — जणू तिथे कधी काही नव्हतंच. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. अंग फिकट, मधाच्या रंगाचं. पाय लांब, मिशा त्याहून लांब. आणि कंबर अशी बारीक की मला माझा लग्नातला फोटो आठवला.

रविवारी वन्संनी ही कुपी माझ्या हातात कोंबली होती. ‘वहिनी, गुहेत दगडाखाली पळत होता. तुझ्या कामाचा आहे का बघ.’ वन्सं म्हणते मी तिला चिडवायला. नणंद असली तरी माझ्याहून बरीच लहान आहे. शाळेत पोरांना उड्या मारायला शिकवते आणि सुट्टी लागली की कमरेला दोर बांधून डोंगराच्या पोटात शिरते. आजवर तिथून तिने मला काय काय आणून दिलंय — वटवाघळाची लीद, गंजलेला डबा, एकदा कुणाची तरी कवळी! (ती ह्यांनी ठेवून घेतली. दातांचे डॉक्टर ना.) आणि आज हे.

जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांच्या खानदानातला आहे, शंकाच नाही. पण असा आंधळा, गुहेतला? आमच्या संग्रहालयाच्या एकाही खणात नाही. ओरडावंसं वाटलं. शेजारच्या खोलीत संचालकांची मीटिंग चालू होती, म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरून घेतलं.

५ फेब्रुवारी

दिवसभर पुस्तकं. एकेक केस, एकेक खाच ताडून पाहिली. ह्याच्या पाठीवरचे केस जिथे आहेत तिथे दुसऱ्या कुणाचेच नाहीत. मान बदामासारखी. पंखांची झाकणं एकमेकांना चिकटलेली — उडायचं कुठे होतं बिचाऱ्याला!

नवा आहे. लिहून टाकते: नवा आहे, नवा आहे, नवा आहे.

ह्यांना जेवताना सांगितलं. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, ‘दात कसे आहेत?’ मी म्हटलं, उत्तम, दोन्ही जबडे शाबूत, तुमच्याकडे यायची गरज नाही. मग म्हणाले, ‘म्हणजे आता तुझा एक होणार तर.’

तेच. तेच तर! आपण बोलत नाही तरी माणूस ओळखून असतो.

उभा जन्म त्या खोलीत भुंगेरे टाचण्यात गेला. आमच्या धंद्याचा नियम साधा आहे — नव्या जीवाचं वर्णन जो आधी छापतो, त्याने दिलेलं नाव राहतं, आणि त्या नावाच्या शेपटाला त्याचं स्वतःचं नाव जोडलं जातं. कायमचं. दुसऱ्याने एक दिवस उशिरा छापलं की ती रद्दी. मी हजारो भुंगेरे ओळखले, त्यांच्या शेपटाला लोकांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. माझ्या नावाचा एकही नाही. जूनअखेर निवृत्ती. खोली रिकामी करून द्यायची आहे, तिथे म्हणे खेळणी आणि पेले विकायचं दुकान होणार.

त्याआधी हा एक. एवढाच हवा आहे मला. लाज कसली त्यात!

८ फेब्रुवारी

मादी निघाली.

मादीवर भागत नाही. ह्या खानदानात एक जात दुसरीपासून वेगळी आहे हे सिद्ध करायचं तर नर लागतो, आणि नराचा तो अवयव लागतो. त्याच्या आकारावर सगळा निवाडा. फोनवर वन्संना सांगितलं, नर मिळत नाही तोवर काही खरं नाही.

‘मला आयुष्यभरात नाही मिळाला, आणि तुला एका खेपेत हवाय!’

९ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. ग्रंथपालबाई सहज बोलून गेल्या — टिकोजीराव म्हणे त्याच डोंगरात शिरलेत. पलीकडच्या अंगाने, जिथे गुहेचं दुसरं तोंड आहे. सोबत तीन शिष्य आणि नवे दिवे.

टिकोजी! संग्रहालयात शिकायला येणाऱ्या पोरांतला, माझा विद्यार्थी. एके काळी ह्याला सुई कशी धरायची ते मी शिकवलं. दगड कसा उचलायचा, आणि मुख्य म्हणजे परत तसाच कसा ठेवायचा, ते मी शिकवलं. ‘बाई, बाई’ करत मागे असायचा. मग मोठा झाला, मोठ्या विद्यापीठात गेला. एकदा भेटायला म्हणून आला, माझ्या खणातला एक भुंगेरा ‘बघायला’ घेऊन गेला, आणि वर्षभरात तो नवी जात म्हणून छापला. स्वतःच्या नावाने. माझं नाव आभारातसुद्धा नाही — ‘संग्रहालयाचे कर्मचारी’! आयत्या बिळावर नागोबा. तेव्हापासून मी त्याच्याशी अवाक्षर बोललेले नाही.

आता ह्या जगात हे भुंगेरे जाणणारे आम्ही दोघंच. आणि दोघंही एकाच डोंगराला दोन बाजूंनी लागलोय.

ह्या खेपेला नाही. सांगून ठेवते. ह्या खेपेला मेले तरी नाही.

१७ फेब्रुवारी

गुहेत गेले! मी! दुखऱ्या गुडघ्यासकट!

म्हणजे फटीपर्यंत गेले. पुढे वाट अशी चिंचोळी होते की पोटावर झोपून, डोकं वाकडं करून सरकावं लागतं. त्या फटीचं नाव वन्संनी ‘सासू’ ठेवलंय — जो जाईल त्याला पिळून काढते. मी नुसता खांदा घालून पाहिला आणि परत काढून घेतला. वन्सं मात्र पाल जावी तशी सुर्रकन गेली.

मी बाहेर थर्मासमधला चहा घेऊन बसले. काळोख असा की आपला हात आपल्याला दिसेना. मधूनमधून आतून आवाज यायचा. ‘वहिनी, एक दिसला!’ ‘धर!’ ‘पळाला!’ ‘अगं मग पळ की तूही!’ ‘झोपून कशी पळू?’ नणंद-भावजयीचं भांडण डोंगराने प्रथमच ऐकलं असेल.

शेवटी तिचा चिखलाने माखलेला हात सासूतून बाहेर आला. नुसता हात. त्यात कुपी, कुपीत भुंगेरा. दिव्याखाली धरला — पुढच्या पायांची टोकं रुंद, फताडी. नर!

तिथेच तिच्या हाताचा मुका घेतला. चिखलासकट.

१८ फेब्रुवारी

शिंकले. सगळं गेलं.

१८ फेब्रुवारी, नंतर

सापडलं!! आजही रजा म्हणून घरीच जेवणाच्या टेबलावर काम मांडलं होतं. नराचा तो अवयव सुईने सोडवून काढला — सुईच्या टोकापेक्षा लहान असतो तो — ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला, आणि शिंक आली. मग मी आणि हे गुडघ्यांवर रांगत फरशी, टेबलक्लॉथ, खुर्च्यांचे पाय. ह्यांनी आपला दातांचा आरसा आणून टेबलाच्या खालची बाजूसुद्धा तपासली. ‘नक्की काय शोधतोय आपण?’ म्हणाले. सांगितलं. चेहरा बघण्यासारखा झाला! ‘ह्याच्यासाठी मी रांगतोय?’

माझ्याच चष्म्याच्या काचेवर चिकटला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

२६ फेब्रुवारी

चित्रं काढते आहे. शाई, बारीक निब, ठिपक्यांनी सावली. एका पायाला एक अख्खा दिवस. नराच्या अवयवाच्या टोकाला काय सुरेख आकडा आहे! माशाच्या गळासारखा वळलेला. असा आकडा ह्या अख्ख्या खानदानात कुणालाच नाही. हीच ह्याची मुख्य खूण म्हणून लिहिणार.

टिकोजीला मिळाला असेल का नर? मिळाला असेल तर एव्हाना लिहायला घेतलं असेल. त्याच्याकडे तीन शिष्य. माझ्याकडे वन्सं.

५ मार्च

नावाचं ठरलं. घरात त्यावरून रणधुमाळी. ह्यांचं म्हणणं, ‘माझ्या नावाचा ठेव, मी रांगलो होतो.’ मी म्हटलं, वन्संचं ठेवणार, लॅटिनच्या कपड्यात. ती उखडली. ‘आंधळा, पिवळा, बिनपंखांचा किडा, आणि त्याला माझं नाव? इतकी का वाईट आहे मी?’ अर्ध्या तासाने तिचाच फोन. ‘आडनाव नको घालूस हं. ते तुझ्या नवऱ्याचंही आहे, फुकट भाव खाईल.’

१४ मार्च

पाठवला लेख. आता संपादक तो कुणातरी जाणकाराकडे तपासायला पाठवणार. आणि जाणकार कोण? जगात दोन. त्यातली एक मी.

म्हणजे माझं मुंडकं टिकोजीच्याच हातात.

२ एप्रिल

आला शेरा. सही नाही, नियमाप्रमाणे नसतेच. पण प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ कोण घालतं ते मला ठाऊक आहे.

‘नमुने कोवळे तर नाहीत ना, हे कृपया पाहावे. नराच्या अवयवाचे टोक वाळल्यावर आक्रसल्यासारखे दिसते. कृपया पूर्ण वाढलेले नमुने मिळवावेत. फटीच्या पलीकडे पाणी असल्यास त्याच्या काठच्या चिकणमातीत, मोठ्या दगडांखाली, कृपया शोधावे.’

कोवळे! मला म्हणतो कोवळे! नुकताच कात टाकून आलेला भुंगेरा फिकट आणि मऊ असतो, त्याचा खरा रंग आणि आकार नंतर पक्का होतो, हे ह्याला सांगितलं कोणी? मी! पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते मी हे! गुरूची विद्या गुरूलाच शिकवायला निघालाय. आणि दगड कुठे उचलायचे तेही सांगतोय.

वेळ काढतोय. मला गुहेच्या वाऱ्या करायला लावायच्या आणि तोवर आपला छापून मोकळं व्हायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. रागाने दोन पेले फोडले. (एक चुकून.)

३ एप्रिल

सकाळी खोलीचं दार लावून घेतलं आणि सुईचं टोक भुंगेऱ्याच्या पाठीवर टेकवलं. नुसतं टेकवलं.

पाठ दबली. ओल्या कागदासारखी.

मादीची पाहिली. तीही दबली.

४ एप्रिल

कोवळे आहेत. दोन्ही.

नराचं टोक गरम पाण्यात भिजवून पुन्हा पाहिलं. आकडा उलगडला. आकडा नव्हताच तो — सुरकुती होती! ज्या खुणेवर माझी सगळी मदार, जिच्यावर चार दिवस ठिपके मारत बसले, ती एक वाळलेली सुरकुती! गुहेतला म्हणून फिकट असणारच, असं धरून चालले. तपासलंसुद्धा नाही. मी! पोरांच्या वह्यांवर लाल शाईने ‘आधी दाबून पाहा’ लिहिणारी मी! उतावळी नवरी, गुडघ्याला बाशिंग — आणि गुडघाही दुखरा.

छापलं असतं तर जगभर हसं झालं असतं. जाता जाता हीच माझी पुंजी राहिली असती.

तो म्हणतो ते बरोबर आहे. हे लिहिताना हात जड झालाय, पण बरोबर आहे. आणि त्याला हे कळलंय म्हणजे त्याच्याकडे पक्के नमुने आहेत. म्हणजे तो पुढे आहे.

खूप रडले. ह्यांनी दवाखान्यातला अख्खा रुमालांचा खोका आणून समोर ठेवला.

५ एप्रिल

वन्सं आली. तिला म्हटलं, जाऊ दे ग, संपलं. तर कमरेवर हात ठेवून उभी. ‘किड्याला माझं नाव ठेवणार म्हणून मी अख्ख्या शाळेत सांगितलंय. आता माघार घेतलीस तर बघ. शनिवारी निघतोय आपण.’

‘आपण?’

‘आपण. मला काय कळतंय कोवळा कुठला आणि जून कुठला? तू सासूतून आत येणार आहेस.’

११ एप्रिल

आले! सासूतून आले! आणि परत आले! अंगाला जागोजागी खरचटलंय, उजवा कान सोलून निघालाय, आणि मी आत्ता इतकी खुशीत आहे की हे अक्षर माझं मलाच लागत नाही.

आधी डोकं गेलं, खांदे गेले. मग कमरेशी अडकले. पुढे वन्सं, माझे दोन्ही हात धरून.

‘वहिनी, श्वास सोड.’

‘सोडला.’

‘अजून सोड.’

‘अगं, मरेन की!’

‘मर. मग भुंगेऱ्यांतलं कळणारा जगात एकटा टिकोजी उरेल.’

त्यासरशी कुठून बळ आलं देव जाणे! सगळा श्वास सोडला, टाचा रोवल्या, आणि बाटलीचं बूच निघावं तशी तिच्या अंगावर जाऊन पडले. दोघी चिखलात आडव्या, हसतोय, हसतोय, श्वास पुरेना. ह्या वयात! इतकं तर मी लग्नातही हसले नव्हते.

आत छोटीशी खोली. उभं राहता येतं. एका कडेला पाणी, वीतभर खोल, काचेसारखं. त्याच्या काठाला चिकणमातीचा उतार, आणि उतारावर दगड. त्याने लिहिलं होतं अगदी तसंच. पहिल्या दगडाखाली काही नाही. दुसऱ्याखाली गोम. तिसरा जड होता, दोघींनी मिळून उचलला.

चार होते. चार! तांबूस तपकिरी, चकचकीत, पॉलिश केल्यासारखे. दिव्याची त्यांना दादच नाही. मिशांनी दगड चाचपत, चिखल चाचपत, झरझर पळत होते — काळोखात जन्मलेले, कुणी बघतंय ह्याची कल्पनाच नसलेले. एक माझ्या बोटावर चढला. बोटाचं टोक मिशांनी नीट तपासलं, पसंत पडलं नसावं, उतरून गेला. माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. आयुष्यभर मेलेले भुंगेरे पाहिले मी. टाचलेले. वन्सं म्हणाली, ‘रडतेस काय, धर की!’

एक नर, एक मादी घेतली. उरलेल्या दोघांना सोडलं. दगड होता तसा परत ठेवला.

१३ एप्रिल

पक्के आहेत. सुई टेकवली — टणक! नराचा अवयव काढला. (आधी नाकाला रुमाल बांधला.) आकडा नाहीच, टोकाला चपटा चमचा आहे. अस्सल, टणक, कुठल्याही बाजूने पाहा, चमचाच. आणि असा चमचा खरोखरच कुणाला नाही! दोनदा नाही, दहादा ताडून पाहिलं.

पहिली चित्रं फाडली. नवी काढते. जेवण टेबलाच्या अर्ध्या भागात उरकायचं, असं ह्यांना बजावलंय.

२० एप्रिल

पुन्हा पाठवला. रोज सकाळी आधी टिकोजीचा काही छापून आलाय का ते बघते, मग दात घासते. ह्यांना हा क्रम पसंत नाही.

२४ एप्रिल

पसंत!!! चार दिवसांत! ‘विनाविलंब छापावे’ — जाणकाराचा शेरा एवढाच. त्यात एकही ‘कृपया’ नाही. नाइलाजाने लिहिलं असणार. चमचा समोर दिसत असताना बोलणार काय? हातच्या काकणाला आरसा कशाला!

आता फक्त छापून यायची वाट. तोवर त्याचा आला तर? नाही येणार. नाही येणार. नाही येणार.

९ मे

छापून आला! गंगेत घोडं न्हालं!

नाव. नावाच्या शेपटाला माझं नाव. खाली माझी चित्रं, ठिपकान्‌ठिपका. पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. मग उठले, खणातून लाल कागद काढला. ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव ठरतं त्याला आमच्याकडे लाल चिठ्ठी लावतात. लोकांसाठी कितीतरी लिहिल्या. आज स्वतःसाठी लिहिली. सुवाच्य अक्षरात! शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

संचालक स्वतः खोलीत आले, हात मिळवला. म्हणाले, ‘हे दुकानात पेल्यावर छापता येईल का हो?’ म्हटलं, छापा! शंभर पेले छापा!

हे दवाखाना लवकर बंद करून आले. दारावर पाटी — ‘घरात आनंदाची बातमी असल्याने डॉक्टर आज दात काढणार नाहीत, फक्त दाखवतील.’ वन्संनी शाळेच्या मैदानाला एक चक्कर जास्त मारली, सुट्टीतल्या शिबिराच्या सगळ्या मुलींना घेऊन, आणि घामेजलेली तशीच माझ्या गळ्यात पडली. रात्री तिघांनी जेवताना भुंगेऱ्याच्या नावाने पेले उंचावले. ह्यांनी विचारलं, ‘म्हणजे आता मी एका किड्याचा भाऊ?’

झोप येत नाही. येऊ नये असंच वाटतंय.

१२ मे

टिकोजीचा निरोप आला. इतक्या वर्षांनी! ‘बाई, अभिनंदन. चित्रं फार सुंदर आहेत. मला मनापासून आनंद झाला.’

आनंद झाला म्हणे! नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. पक्के नमुने हातात धरून बसला, आणि एका म्हातारीने गाठला! तीन शिष्य आणि नवे दिवे!

खूप वर्षांचं साठलेलं होतं. एका ओळीत उत्तर पाठवलं — ‘जो पहिला छापतो त्याचं नाव राहतं. तूच शिकवलं होतंस मला हे, आठवतं?’

पाठवून झाल्यावर घरभर फिरले. हे म्हणाले, एवढं कशाला लागेल असं बोलायचं. म्हटलं, लागू दे.

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘हो बाई.’ एवढंच.

१६ मे

संपादकांचा फोन. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाले, ‘आता छापून आलंय म्हणून सांगतो, बाई. त्यांचा लेख तुमच्या आधी आला होता. हाच भुंगेरा, डोंगराच्या पलीकडच्या तोंडातून मिळालेला. मीच तपासून ठेवला होता, पुढच्याच अंकात जाणार होता. मग तुमचा त्यांच्याकडे तपासायला गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचा मागे घेतला. मला म्हणाले, छापून येईपर्यंत बाईंना कळू देऊ नका. कळलं तर त्या हट्टाने आपला मागे घेतील.’

घेतलाच असता.

आता घेता येत नाही. छापलेलं नाव कुणालाच परत देता येत नाही.

आणि मी त्याला काय लिहिलं! आणि तो काय म्हणाला — हो बाई.